सिंगापूरच्या आधी तलाठी कार्यालय

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या काही घरांत आजही एक वाक्य ऐकू येतं : "आमचो आजो बोटीर होतो, जपान्यांनी धरून नेलो, तो काय परत इलो नाय." त्यापुढे काही नसतं. बोटीचं नाव नाही, साल नाही, कधी कधी आजोबांचं पूर्ण नावही नाही. आता ही गोष्ट नातवंडांच्या, पतवंडांच्या हातात आली आहे आणि ती मोबाइल घेऊन शोधाला बसतात. पण बहुतेकांची सुरुवात शेवटच्या टोकाकडून होते : सिंगापूर, आझाद हिंद सेना, जिनिव्हाची रेडक्रॉस. तिथे 'सावंत' किंवा 'शेख' लिहिलं की नावांचा डोंगर पुढ्यात येतो, त्यातलं आपलं माणूस ओळखायची खूण जवळ नसते, आणि आठवड्याभरात शोध थंडावतो.

म्हणून आधी दोन गोष्टी मिळवा. एक, माणसाचा नंबर. दुसरी, तो ज्या पलटणीत किंवा ज्या बोटीवर होता तिचं नाव. या दोन्ही मिळण्याची शक्यता लंडनपेक्षा तुमच्या घरात आणि तालुक्याच्या गावी जास्त आहे.

घरातले आणि गावातले कागद

पत्र्याची पेटी, देवघरामागचा कोनाडा, फोटोच्या चौकटीमागचा पुठ्ठा, सगळं पाहा. मनीऑर्डरचं कुपन फेकू नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि युनिट त्यावर असू शकतं. लष्कराकडून आलेला इंग्रजी टाइप केलेला कागद घरात कुणाला वाचता आला नसेल, पण त्यातला शब्दन् शब्द महत्त्वाचा आहे. नुसतं 'मिसिंग' आणि 'मिसिंग, बिलीव्ह्ड प्रिझनर ऑफ वॉर' यांत फरक आहे. पहिल्यात सरकारला काहीच कळलेलं नव्हतं, दुसऱ्यात अंदाज होता. कैद्याकडून आलेलं जपानी छापील पोस्टकार्ड मिळालं तर तुमचं नशीब थोर. त्यावर मजकूर बहुधा साचेबंदच असतो, 'माझी प्रकृती ठीक आहे' अशा धर्तीचा. पण छावणीचा उल्लेख, शिक्के आणि जपानी अक्षरं यांना मोल आहे. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा आणि मूळ कार्ड प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका. आपल्या दमट हवेत शाई उतरते.

पदकं असतील तर ताऱ्यावरचं नाव वाचा. मलाया-सिंगापूरच्या लढाईसाठी पॅसिफिक स्टार, ब्रह्मदेशासाठी बर्मा स्टार, उत्तर आफ्रिकेसाठी आफ्रिका स्टार दिला गेला. लढाईचा प्रदेश कोणता, एवढं तरी एका ताऱ्यावरून कळतं.

यानंतर तलाठी कार्यालय आणि तहसीलची रेकॉर्ड रूम. हा भाग लोक हमखास टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच सापडतं. माणूस परत आला नाही तरी त्याच्या नावावरची जमीन केव्हातरी वारसांच्या नावावर चढवावी लागते. ती नोंद फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये असते. कायद्यात सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मृत, असं गृहीत धरता येतं. म्हणजे शेवटचं पत्र १९४२चं असेल तर १९४९-५० पासून पुढचे फेरफार पाहायला घ्या. नोंदीत 'लढाईत बेपत्ता' किंवा 'बोटीवर मयत' असा शेरा, कधी सरकारी पत्राचा हवाला आणि तारीखही मिळू शकते. नोंद उशिराची निघाली तर चकित होऊ नका. नवरा येईल या आशेवर काही बायकांनी कुंकू पुसलं नाही, तशी वारसनोंदही करू दिली नाही.

जन्ममृत्यूची जुनी नोंद कोतवाल बुकात, बहुधा मोडीत असते; वाचून देणारा जाणकार शोधावा लागेल. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख, वडिलांचं नाव आणि आडनावाचं त्या काळचं रूप मिळतं. ख्रिस्ती घरांनी चर्चची नोंदवही पाहावी.

पत्त्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला. युद्धाच्या काळात मालवण, देवगड, वेंगुर्ला हे रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर सावंतवाडी आणि कुडाळकडचा मुलूख सावंतवाडी संस्थानात. वैभववाडी, दोडामार्ग हे तालुके तर कितीतरी नंतरचे. तेव्हा कुठल्याही युद्धकालीन यादीत 'सिंधुदुर्ग' शोधू नका. 'रत्नागिरी' आणि 'सावंतवाडी स्टेट' शोधा, आणि मालवणच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'व' दोन तऱ्हांनी लिहितात हे लक्षात ठेवून दोन्ही रूपांत शोधा.

गावात लढाईची स्मारकशिला असेल, 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' अशी, तर ती नीट वाचा. असे बहुतेक दगड १९१४ ते १९१९च्या, पहिल्या महायुद्धाचे असतात. पणजोबा आणि आजोबा यांची गल्लत इथूनच सुरू होते.

मुंबईकर गावमंडळ विसरू नका. बोटीवर लागण्याआधी आणि उतरल्यावर खलाशी गावच्या खोलीवर राहत. मुसलमान घरांत हीच भूमिका जमातीने बजावली. वर्गणीच्या जुन्या वह्या, मदतनिधीच्या नोंदी अजून कुणाच्या तरी माळ्यावर असतील. फोन करून मिळत नाहीत, गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी गावी येतात तेव्हा मंडळाच्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासदाला गाठा.

जपानच होता, हे नक्की?

घरात 'जपान' म्हटलं जातं म्हणून जपानच असेल असं नाही, आणि सिंधुदुर्गातल्या घरांना हे विशेष लागू आहे. आपल्याकडचे बरेच जवान मराठा पलटणीत होते. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं तेव्हा तिथल्या भारतीय फौजेत पंजाब, डोग्रा, जाट, गढवाल, शीख, गुरखा, हैदराबाद अशा रेजिमेंटांच्या बटालियनी होत्या. मराठ्यांची पायदळ बटालियन नव्हती. मराठ्यांची दुसरी बटालियन त्याच वर्षी जूनमध्ये पकडली गेली, पण ती लिबियातल्या तोब्रुकला. ते जवान इटालियन आणि जर्मनांचे कैदी झाले. घरात 'आजोबा ४२ साली कैद झाले' एवढंच उरलं आणि पुढे सुभाषबाबूंच्या गोष्टींमुळे ४२ म्हणजे सिंगापूर हे समीकरण पक्कं झालं, असं घडलेलं असू शकतं. पेटीत फक्त आफ्रिका स्टार निघाला तर जपानआधी आफ्रिकेचा रस्ता धरा.

मराठे आणि जपानी समोरासमोर आले ते मुख्यतः ब्रह्मदेशाच्या सीमेवर. चौथी बटालियन मार्च १९४४मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत होती. तिथला माणूस बेपत्ता असेल तर शोध ब्रह्मदेशाच्या बाजूने करायचा.

मात्र गाव कोकणातलं म्हणजे पलटण मराठ्यांचीच, असंही धरू नका. सगळ्यात मोठं उदाहरण सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचं. जगन्नाथराव भोसले तिथले. सिंगापूरला ते गढवाल रायफल्सचे अधिकारी म्हणून पकडले गेले. पुढे ते आझाद हिंद सेनेत मेजर जनरल झाले, युद्ध संपल्यावर इंग्रजांच्या कैदेत गेले, आणि १९५२ला लोकसभेवर निवडून येऊन पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. एकाच माणसाचा माग इंग्रजांची फौज, आझाद हिंद सेना आणि पुन्हा इंग्रजांची चौकशी अशा तीन वेगळ्या दफ्तरांत लागतो. साध्या शिपायाचंही असंच असतं, फक्त त्याचं नाव छोट्या अक्षरात असतं. शिवाय सगळेच लढाऊ पलटणीत नव्हते. सॅपर्स, आर्मी सर्व्हिस कोअर, इस्पितळाची युनिटं यांतही कोकणातली माणसं होती.

फौजेतला माणूस

नंबर आणि पलटण मिळाली की रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. नौदलातल्या खलाशाची चौकशी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या नौसैनिक ब्यूरोकडे. अर्जात 'शीट रोल' (माणसाची सविस्तर सेवानोंद) आणि 'लाँग रोल' (भरतीची थोडक्यात नोंद) दोन्ही मागा. पेन्शन न लागलेल्या माणसाचा शीट रोल ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तरी लाँग रोलमधली एक ओळ शिल्लक असू शकते. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दरम्यान जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या. आजीने कधी दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाची विधवा म्हणून मानधनाचा अर्ज केला असेल, तर त्या अर्जात नंबर असणारच.

सिंगापूरच्या कैद्यांचं पुढे काय झालं हे समजल्याशिवाय कागद कुठे शोधायचे ते कळत नाही. १७ फेब्रुवारी १९४२ला फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५ हजार भारतीय सैनिकांना जपान्यांच्या हवाली करण्यात आलं. बरेचसे आझाद हिंद सेनेत गेले, बरेचसे गेले नाहीत. बिदादरी, नीसून, सेलेतार या भारतीय कैद्यांच्या छावण्या. हाँगकाँगला पकडलेल्यांची माताऊ चुंग. जे आझाद हिंदमध्ये गेले ते जपानच्या लेखी युद्धकैदी उरले नाहीत, त्यामुळे कैद्यांच्या यादीत त्यांना शोधण्यात वेळ घालवू नका. त्यांच्यासाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. त्याच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर आझाद हिंदच्या कागदांची सूची पाहता येते आणि पुष्कळ कागद तिथेच वाचता येतात. परत आलेल्यांची इंग्रजांनी चौकशी करून 'व्हाइट', 'ग्रे' आणि 'ब्लॅक' अशी वर्गवारी केली. 'ब्लॅक' ठरलेल्यांना नोकरीतून काढलं. एखादे आजोबा परत आले, पण पेन्शन नाही आणि त्या वर्षांबद्दल अवाक्षर नाही, तर कारण इथे असू शकेल. पुढे १९७२पासून आझाद हिंदच्या सैनिकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून केंद्राची पेन्शन मिळाली. तो अर्ज केला असेल तर त्याची फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात शोधा. त्यात माणसाने स्वतः सांगितलेला तपशील असतो, आणि तसा तपशील इतरत्र मिळणं कठीण.

जे आझाद हिंद सेनेत गेले नाहीत त्यांच्यातल्या हजारोंना जपान्यांनी मजुरीसाठी न्यू गिनी, न्यू ब्रिटन या बेटांवर जहाजांत कोंबून पाठवलं. भूक, मलेरिया, मारहाण आणि दोस्तांचेच बॉम्ब, यांतून किती वाचले हे बेटागणिक बदलतं. वाटेत बुडालेलेही होते. २६ जानेवारी १९४३ला न्यू गिनीजवळ 'वाहू' या अमेरिकन पाणबुडीने 'बुयो मारू' हे जहाज बुडवलं. त्यावर पंजाब रेजिमेंटचे कैदी होते. १९५ भारतीय मेले. जहाजावर कैदी आहेत हे पाणबुडीला ठाऊक नव्हतं. तेव्हा 'जपान्यांनी बुडवलं' ही घरातली आठवण तपासून घ्यावी लागेल.

या बेटांवरून सुटका झाली ती ऑस्ट्रेलियन फौजेकडून. त्यामुळे भारतीय कैद्यांविषयीची उत्तम सामग्री ऑस्ट्रेलियात आहे आणि आपल्याकडे हे फारसं कुणाला माहीत नाही. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलकडे १९४५मध्ये रबाउल आणि वेवाकला काढलेले भारतीय कैद्यांचे फोटो आहेत, संकेतस्थळावर मोफत. रबाउलला जपानी अधिकाऱ्यांवर जे खटले चालले त्यांतले कित्येक भारतीय कैद्यांच्या छळाचे होते. त्यांच्या फाइली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'ए ४७१' या मालिकेत आहेत आणि घरबसल्या उघडता येतात. त्यांत भारतीय साक्षीदारांचे जबाब आहेत. वाचताना मन घट्ट ठेवा, आणि घरातल्या वयस्कर माणसाला ते जसेच्या तसे वाचून दाखवायचे का, याचा आधी विचार करा.

बोटीवरचा माणूस

मालवणच्या किनाऱ्याला हा भाग जास्त जवळचा. बी.आय., पी अँड ओ, क्लॅन लाइन, सिटी लाइन यांच्या आगबोटींवर सारंग, टंडेल, सुकाणी, खलाशी, आगवाला, भंडारी म्हणून कोकणची माणसं होती. फौजेचा नंबर त्यांना नव्हता, सरकारी गणवेश नव्हता, म्हणून स्मारकांच्या भाषणांत त्यांचा उल्लेख चुकूनच येतो.

खलाशी जपानच्या हाती तीन वाटांनी लागले. सिंगापूर, हाँगकाँगसारख्या बंदरांत अडकलेले. समुद्रावर थेट जपानी युद्धनौकेने उचललेले. आणि तिसरी वाट लोकांना माहीत नसते : 'थोर', 'मिशेल' अशा व्यापारी जहाजाचं सोंग घेतलेल्या जर्मन नौका हिंदी महासागरात बोटी पकडत आणि कैदी जपानच्या ताब्यातल्या बंदरांत उतरवत. उलट अटलांटिककडे पकडलेले बरेच भारतीय खलाशी जर्मनीत ब्रेमेनजवळच्या 'मिलाग नॉर्ड' छावणीत होते. म्हणजे इथेही आधी बोट कुठे पकडली गेली ते ठरवायचं, मग देश.

दुसऱ्या वाटेचं एक भयंकर उदाहरण 'बेहार'चं. ऑस्ट्रेलियाहून मुंबईकडे येणारी ही बोट ९ मार्च १९४४ला 'तोने' या जपानी क्रूझरने बुडवली. शंभराहून अधिक लोकांना क्रूझरवर घेतलं, त्यांतल्या काहींना बटाव्हियाला उतरवलं, आणि उरलेल्या सत्तरच्या आसपास लोकांना नंतर रात्रीच्या अंधारात क्रूझरवरच मारलं. बोटीवर भारतीय खलाशीही होते. या प्रकरणात व्हाइस अॅडमिरल साकोंजूला हाँगकाँगच्या न्यायालयाने फाशी दिली. अशा बोटीवरच्या माणसाचा मृत्यू कुठल्या तारखेला धरायचा? बोट बुडाली ती तारीख आणि माणूस गेला ती तारीख यांत दिवसांचं अंतर असतं आणि यादीत बहुधा एकच सापडते.

बोटीचं नाव माहीत असेल तर लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची उघडा. 'बीटी ३७३' या मालिकेत कैद झालेल्या व्यापारी खलाशांची पाकिटं आहेत, बोटीच्या आणि माणसाच्या नावाने. 'बीटी ३८१'मध्ये १९३९पासूनचे खलाशांचे करार आहेत. मालिकेचा क्रमांक रोमन अक्षरांत टाकायचा. सूची पाहणं फुकट, कागदाची प्रत मात्र पैसे घेऊन मिळते. म्हणूनच म्हणतो, बोट आणि वर्ष पक्कं झाल्याशिवाय मागवू नका. बोटीचं नाव माहीत नसेल तर घरातलं सीडीसी (खलाशाच्या नोकरीची वही), त्यावरचे शिक्के, शेवटच्या पगाराचा कागद शोधा. तेही नसेल तर आजोबांबरोबर त्याच सारंगाच्या हाताखाली लागलेल्या शेजारच्या माणसाच्या घरी विचारा. सारंग आपल्या गावचीच माणसं घेई, त्यामुळे एका घराचा कागद चार घरांना पुरतो. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंग मास्टरच्या कचेरीतही लेखी विचारणा करून ठेवा. अपेक्षा बेताची ठेवा.

नाव सापडलं तर

मृतांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं संकेतस्थळ सर्वात उपयोगी. नावाने शोधण्याआधी 'अतिरिक्त माहिती'च्या रकान्यात 'रत्नागिरी' टाका; तिथे वडिलांचं नाव आणि गाव असतं. मग स्पेलिंगशी खेळा. सावंतमधला 'व' दोन तऱ्हांनी लिहितात, परबचा कधी 'परूब' होतो, आणि खलाशांच्या यादीत आडनाव गाळून नुसतं नाव व वडिलांचं नाव ठेवलेलं असतं. सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर २४ हजारांवर नावं, ब्रह्मदेशात रंगूनजवळ तौकच्यानला जवळपास २७ हजार. न्यू ब्रिटनच्या बिता पाकाला भारतीय कैद्यांच्या कबरी आहेत. समुद्रात गेलेल्या भारतीय व्यापारी खलाशांची नावं मात्र दगडावर कोरलेली नाहीत. ती नामावलीच्या पुस्तकात आहेत, एक प्रत चितगावला आणि एक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये. तिथे जाणार असाल तर आधी विचारून वेळ घ्या.

जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे नातेवाइकांना विनामूल्य चौकशी करता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या कैद्यांची कार्डं ऑनलाइन नाहीत. जी दिसतात ती पहिल्या महायुद्धाची. अर्जाची खिडकी वर्षातून ठरावीक वेळीच उघडते आणि मर्यादित अर्ज आले की बंद होते. अर्जात वडिलांचं नाव, नंबर, पलटण किंवा बोट नसेल तर अर्ज फुकट गेला असं समजा. आणि 'जपानकडून भरपाई मिळवून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला कागदाची झेरॉक्ससुद्धा देऊ नका.

जपानी कागदात साल शोवा गणनेत असतं. त्यात १९२५ मिळवा : शोवा १७ म्हणजे १९४२. तारीख मिळाली की घरात पुढचा प्रश्न तिथीचा निघतो. आजवर सर्वपित्री अमावास्येला पान वाढलं जात होतं. आता त्या वर्षीचं जुनं पंचांग काढून तिथी ठरवता येईल, आणि घातपाताने मृत्यू असेल तर पितृपक्षातल्या चतुर्दशीचा विचार गुरुजी सांगतीलच. जपानी फौज सगळीकडे टोकियोची वेळ वापरत होती, तेव्हा मध्यरात्रीच्या आसपासची घटना असेल तर तारीख एका दिवसाने सरकू शकते, हे त्यांना आधीच सांगा.

कमिशनच्या यादीत नाव चुकीचं असेल तर दुरुस्ती होते. नावच नसेल तर नव्याने नोंदवण्यासाठी पुरावा पाठवता येतो. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला मृत्यू हवा, आणि खलाशाच्या बाबतीत तो युद्धामुळे झालेला हवा. सोबत फेरफाराची प्रमाणित प्रत, तिचं इंग्रजी भाषांतर आणि सरकारी पत्राचा फोटो जोडा. फेरफाराच्या भाषांतरात गावाचं नाव आजच्या जिल्ह्यासह आणि कंसात जुन्या जिल्ह्यासह किंवा संस्थानासह लिहा, नाहीतर तेवढ्यासाठी पत्र परत येतं.